‘मागच्या वर्षीच्याच पत्त्यावर’ : कार्यालयीन कामासाठी दूरची मदत घेताना

गुहागर तालुक्यात आमची हापूसची जुनी बाग आहे आणि घरामागच्या शेडमध्ये रातांब्यांचे (कोकमाच्या फळांचे) आगळ, आमसुले, कोकम सरबत आणि आंबापोळी करण्याचा छोटा उद्योग आम्ही चौदा वर्षे चालवत आहोत. झेल्याने फळ उतरवणारा गडी कसा पारखावा, पेटी भरणाऱ्या बाईच्या हाताला देठ सांभाळण्याची सवय आहे की नाही हे कसे ओळखावे, हे मला सासूबाईंनी शिकवले. कागदपत्रांचे काम सांभाळणारे माणूस, तेही समोर नसलेले, कसे निवडावे आणि त्याच्या हाती काय द्यावे हे मला दोन हंगाम घालवून शिकावे लागले. आमच्या किनाऱ्यावर घरगुती उद्योग आणि पर्यटकांसाठी खोल्या चालवणाऱ्या अनेक मैत्रिणी सध्या याच विचारात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या घरी बसून, तासांच्या हिशेबाने, दुसऱ्याच्या व्यवसायाचे पत्रव्यवहार, नोंदी आणि पाठपुरावा सांभाळणाऱ्या व्यक्तीला आता ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणतात. मला अशा मदतीची गरज का भासली हे एप्रिल महिना पाहिलेल्या कोणालाही समजेल. सकाळी सहा वाजता तोडणी सुरू होते, दुपारी प्रतवारी आणि पेट्या भरणे चालते, संध्याकाळी मुंबईची गाडी गाठायची असते. रातांबेही याच सुमारास पिकू लागतात आणि ते झाडाखाली पडून राहिले तर वाया जातात. नेमके त्याच दिवसांत दादर, डोंबिवली, पुणे इथल्या ग्राहकांचे संदेश, पैसे आल्याच्या सूचना, पावत्यांच्या मागण्या आणि ‘पेटी कुठपर्यंत आली?’ ही विचारणा अखंड सुरू असते. रात्री अकरा वाजता चिकाने काळ्या झालेल्या बोटांनी फोन हातात घेऊन मी उत्तरे लिहीत असे, आणि त्यातली निम्मी चुकत असत.

पहिल्या वेळी मी घाई केली. मार्च महिन्यात एका संकेतस्थळावरून एक तरुण मदतनीस घेतला, त्याला व्यवसायाच्या ईमेलचा पासवर्ड दिला, दोनदा फोन करून काम समजावले आणि बागेत निघून गेले. अक्षय्य तृतीयेच्या नैवेद्यासाठी आंबा हवा असलेल्या एका जुन्या ग्राहकांना त्याने अत्यंत सौजन्याने कळवले की पेटी आदल्या दिवशी पोहोचेल आणि फळ खाण्यास तयार असेल. आपला हापूस झाडावर तयार झालेला, पण कडक असतानाच उतरवला जातो, पेंढ्यात घालून पाठवला जातो आणि घरी पिकायला साधारण आठवडा घेतो, हे त्याला ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. मी ते सांगितले नव्हते. सणाच्या दिवशी त्या घरात हिरवे आंबे उघडले गेले. मी त्याच्यावर रागावले याचे मला आजही वाईट वाटते, कारण चूक माहितीच्या अभावाची होती आणि ती माहिती फक्त माझ्या डोक्यात होती.

हाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे, असे मला वाटते. आपल्याकडचे छोटे उद्योग तोंडी चालतात. ग्राहक आवाजी संदेश पाठवतो, ‘वहिनी, तीन पेट्या, मागच्या वर्षीच्याच पत्त्यावर, एक मात्र आईकडे’, आणि मला लगेच कळते की दोन पेट्या ठाण्याला जायच्या आणि एक गिरगावात तिसऱ्या मजल्यावर, जिथे लिफ्ट नसल्यामुळे गाडीवाल्याला आधी सांगून ठेवावे लागते. हे ज्ञान कोणत्याही वहीत नव्हते. ते तसेच राहिले असते तर कितीही हुशार मदतनीस घेऊन उपयोग नव्हता, कारण मी त्यांच्या हाती काम देत नव्हते, फक्त फोन देत होते.

त्या वर्षी आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामे आटोपल्यावर, पावसाळ्यात, मी वही घेऊन बसले. ग्राहकाचे नाव, पत्ता, त्याला लागणारा आकार, पेटी चार डझनांची की सहा डझनांची, पैसे आधी की नंतर, इथपासून ते डागी फळ निघाल्याची तक्रार आली तर छायाचित्र मागायचे की सरळ पैसे परत करायचे, इथपर्यंत सगळे लिहिले. सर्वात अवघड होते ते स्वतःचे निर्णय लिहिणे. कोणाला उधारी द्यायची आणि कोणाला नाही, हे मी आजवर आवाजावरून ठरवत आले होते. ते नियमाच्या रूपात लिहू लागल्यावर काही निर्णय मलाच अन्यायाचे वाटले आणि मी ते बदलले. या कामाला जवळपास दोन महिने लागले आणि ते दोन महिने सत्कारणी लागले.

दुसऱ्या वेळी निवड करताना मी चार जणींना एक छोटे काम दिले आणि त्याचा मोबदला प्रत्येकीला दिला. फुकट चाचणी घेणे मला योग्य वाटत नाही. तास कोणाचाही असो, तो तासच असतो. पंधरा आवाजी संदेश ऐकून मागणीचा तक्ता तयार करायचा, एवढेच काम होते. तिघींनी व्यवस्थित भरलेले तक्ते पाठवले. चौथीने अर्धवट तक्ता पाठवला आणि सोबत सहा प्रश्न विचारले, त्यातला पहिला होता, ‘‘आईकडे’ म्हणजे कोणता पत्ता?’ तिघींनी तिथे अंदाजाने ठाण्याचाच पत्ता घातला होता. मी चौथीची निवड केली. त्या देवरूखला राहतात, पूर्वी एका हिशेबनिसांच्या कार्यालयात काम करत असत आणि मुलगा लहान असल्यामुळे घरून काम शोधत होत्या. त्या मला वहिनी म्हणतात, मी त्यांना ताई म्हणते, आणि आम्ही पहिल्या चार महिन्यांत एकमेकींना प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते.

विश्वास हा शब्द इथे फार वापरला जातो. माझ्या मते, मर्यादा स्पष्ट असली म्हणजे दोन्ही बाजूंना निर्धास्त राहता येते. पासवर्ड देण्याची गरजच नसते, हे मला उशिरा कळले: जीमेलमध्ये आपल्या खात्याचा वापर दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवण्याची सोय आहे, ज्यामुळे ती व्यक्ती स्वतःच्या खात्यातून आपली पत्रे वाचू शकते आणि उत्तरे देऊ शकते, मात्र आपला पासवर्ड बदलू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅप मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणांना जोडता येते. पण जोडलेल्या उपकरणावर सगळेच संभाषण दिसते, म्हणून व्यवसायासाठी वेगळा क्रमांक घेणे आवश्यक आहे, नाहीतर घरातल्या गोष्टीही परक्या पडद्यावर उघड होतात. यूपीआयचा पिन आणि बँकेचा ओटीपी कोणालाही द्यायचा नाही, हे तर ठरलेलेच. पैसे जमा झाल्याची खात्री ग्राहकाने पाठवलेल्या छायाचित्रावरून न करता खातेउताऱ्यावरून करायची असल्याने मी रोज सकाळी उतारा ताईंना पाठवते आणि त्या नोंदी जुळवतात. ग्राहकांचे पत्ते आणि फोन क्रमांक ही त्यांची आपल्याकडे असलेली ठेव आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण कायदा नसता तरीही काम संपल्यावर ती यादी मदतनिसाकडे राहू नये, हे करारात लिहायलाच हवे होते.

कराची बाजू थोडक्यात सांगते. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, सरबतासारख्या प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर आहे, त्यामुळे दोन्हींच्या नोंदी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. आम्ही तिमाही विवरणपत्राच्या योजनेत आहोत. तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील आणि २२ तारखेपर्यंत मुख्य विवरणपत्र भरायचे असते. ताई पावत्या जुळवून तक्ता तयार करतात, सनदी लेखापाल तो तपासतात, आणि विवरणपत्र दाखल करतानाचा ओटीपी माझ्याच फोनवर येतो. जबाबदारी माझ्या नावावर आहे, आणि ती मदतनिसाकडे सोपवता येत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी थोडी थांबणार आहे, कारण ती पैशांपेक्षा मोठी आहे. ‘आंबा देवगडचा आहे का?’ असे अनेक ग्राहक विचारतात. हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या फळाला लागू आहे, पण त्यामुळे गुहागरचा आंबा देवगडचा होत नाही. ताईंनी तयार केलेल्या उत्तरांच्या पहिल्या मसुद्यात ‘अस्सल देवगड-रत्नागिरी हापूस’ असे शब्द होते, कारण सगळीकडे तसेच लिहिलेले त्यांनी पाहिले होते. आम्ही ते बदलून ‘गुहागर तालुक्यातील आमच्या बागेतला हापूस’ असे केले. आपल्या नावाने दुसरी व्यक्ती लिहू लागते तेव्हा आपले खरे-खोटेही तिच्या लेखणीतून बाहेर पडते. म्हणून हंगामाच्या आधी उत्तरांचे सगळे मसुदे मी स्वतः एकदा मोठ्याने वाचते. बाटलीवर छापला जाणारा अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांकही त्या माझ्याकडून प्रत्येक वेळी तपासून घेतात.

ताईंचा मोबदला आम्ही तासाला दोनशे रुपये ठरवला. डिसेंबर ते मे या काळात महिन्याला साठ तास आणि उरलेल्या महिन्यांत वीस. पावसाळ्यात पूर्णपणे काम थांबवण्याचा विचार माझ्या मनात आला होता, परंतु सहा महिने उत्पन्न नसलेली व्यक्ती सातव्या महिन्यात आपल्यासाठी मोकळी असेल, अशी अपेक्षा ठेवणे मला पटले नाही. त्या वीस तासांत थकलेल्या येण्यांचा पाठपुरावा होतो आणि पत्त्यांची यादी दुरुस्त होते. त्या माझ्या नोकर नाहीत; आणखी दोघांची कामे करतात, आणि रात्री आठनंतर त्यांना फोन करायचा नाही, हे मीच करारात घातले.

वीज आणि नेटवर्क यांचा प्रश्न दोन्हीकडे आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोलीकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, हे आम्ही कोणीच विसरलेलो नाही. म्हणून हंगामात रोज, त्या-त्या दिवशी गाडीत जाणाऱ्या पेट्यांची यादी दुपारी तीन वाजता ताई मला पाठवतात, मी ती कागदावर उतरवून शेडच्या दारामागच्या खिळ्याला अडकवते, आणि फोन बंद पडला तरी पेट्या भरणाऱ्या बायका त्या कागदावरून नावे लिहितात. गिरगावच्या पेटीसमोर ताईंनी कंसात ‘आईकडे, तिसरा मजला, गाडीवाल्याला कळवले’ असे लिहिलेले असते.