चौकोनांची उलटी बाजू

आजीचे भरतकामाचे १२ चौकोन माझ्याकडे आले, ते एका उशीच्या अभ्र्यात घडी घालून ठेवलेले. गोधडीसाठी म्हणून भरलेले, पण जोडायचे राहून गेलेले. पांढरं सुती कापड पिवळट पडलं होतं आणि दोन चौकोन घडीच्या रेषेवर इतके विरले होते की उजेडात धरल्यावर धागा न् धागा सुटा दिसत होता.

मी आधी सगळे उलटे मांडले. मला भरायला शिकवताना आजी सुलट बाजू बघायचीच नाही, "मागून दाखव" म्हणायची. तिच्या चौकोनांना मागे एकही गाठ नाही. दोरा संपला की शेपटी चार-पाच टाक्यांखालून ओवून बारीक कापलेली. पण चिमण्यांच्या जोडीचा चौकोन उलटा केला आणि मी थबकलेच. डावी चिमणी मागून गाठींनी भरलेली, एका पंखावरून दुसऱ्या पंखावर दोरा तसाच लांब ओढून नेलेला. उजवी चिमणी मात्र स्वच्छ, एक गाठ नाही. दोघींच्या मधली फांदी अर्धी या हाताची, अर्धी त्या हाताची. देठाचा टाका मध्येच लहान आणि एकसारखा होतो, ती जागा बोटाला लागते.

आत्याला फोन केला. "चिमण्या ना? मी आठ-नऊ वर्षांची असेन. पूर्ण मीच केला होता तो," ती म्हणाली. मी पुढे काही बोलले नाही.

धुताना माझी चूक झाली. ओला पांढरा फडका दाबून रंग उतरतोय का ते बघायचं असतं. मी हिरवा आणि निळा तपासला, लाल राहिला. गार पाण्यात टाकल्यावर गुलाबाभोवती गुलाबी ओघळ पसरला. चौकोन वाळू दिला नाही, कारण वाळला की डाग धरतो, आणि इस्त्री फिरली तर आणखी पक्का होतो. पाणी निवळ येईपर्यंत बदलत राहिले, पहाट झाली. एका पाकळीशी फिकट छटा राहिलीच. मला अजून वाईट वाटतं.

इस्त्री जाड टॉवेलवर, चौकोन पालथा घालून. असं केलं की सुलट बाजूचे उठावदार गाठीचे टाके चेपत नाहीत.

मापं एकसारखी नव्हती. कुठला २७ सेंटीमीटर, कुठला साडेएकोणतीस. छाटायचं म्हटलं तर नक्षी पार कडेपर्यंत आलेली. म्हणून प्रत्येकाला चारही बाजूंनी रुंद फिकट पट्ट्या जोडल्या, ६ मिलीमीटर शिवण धरून, आणि मग पट्ट्या छाटून सगळे ३५ सेंटीमीटरचे केले. भरलेल्या कापडाला कात्री लावली नाही.

खरी अडचण पुढे होती. विरलेल्या कापडाला मागून इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग लावा, असं सगळेच सांगतात. लावलं की मागचे टाके कायमचे झाकले जातात. आत कापूस घालून वरून धावदोरा घातला तरी तेच. मला ते नको होतं. त्या दोन चौकोनांना घडीच्या रेषेपुरती मलमलची पट्टी मागून हाताने टाचली. कापूस घातलाच नाही. अस्तर तीन बाजूंनी शिवलं, चौथी बाजू उघडी ठेवून तिला टिचबटणं लावली. कडेला गोट. गोधडीची ऊब त्याला नाही, पलंगपोसच झाला तो. पण बटणं काढली की हात आत जातो.

आत्या आली तेव्हा तिने आधी वरून हात फिरवला. मग मी बटणं काढून दिली. अस्तर बाजूला सारून तिने चिमण्या शोधल्या, गाठी बोटाने चाचपत फांदीपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा मागे जाऊन चाचपलं.

"इथं मला झोप लागली असणार," ती म्हणाली.