तीन पिशव्यांतली वार

मे 2021. प्रसूतिगृहातून आमच्याकडे पॅथॉलॉजीत आलेली बरणी एकात एक अशा तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली होती, वर लाल मार्करने 'पॉझिटिव्ह'. आत वार, म्हणजे प्लॅसेंटा. आईला कोविड, बाळ वजनाला कमी, म्हणून तपासायला पाठवलेली. पंचवीस वर्षं फॉर्मालिनच्या वासात काढलेले आमचे मामा त्या दिवशी दारातच थांबले.

"मॅडम, फॉर्मालिनमध्ये मरतो ना तो?"

"मरतो, मामा." तरी वार मीच कापली. त्यांच्या घरातलं माणूस नुकतंच गेलं होतं, आग्रह कोणत्या तोंडाने करणार?

दोन दिवसांनी स्लाइड हातात आली. कोविडची झळ बसलेल्या काही वारांत व्हिलायवरचा, म्हणजे वारेतल्या बोटांसारख्या बारीक फांद्यांवरचा, बाहेरचा थर मेलेला आणि भोवती फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, थापल्यासारखं दिसतं. मी तेच शोधत होते. सापडलं नाही. थर शाबूत होता: ओळीने जांभळी केंद्रकं, आणि मध्ये कुठे भिंतच नाही. असंख्य पेशी एकमेकींत विरघळून झालेला हा अखंड पडदा. दिवस भरलेल्या वारेतला पसरला तर दहा-बारा चौरस मीटर सहज भरेल. आईचं रक्त त्याला भिडतं, बाळाचं पोषण त्यातूनच आत जातं.

आणि पेशींना असं सांधणारं प्रथिन मुळात विषाणूचं. सिन्सिटिन, वारेतलं त्याचं काम 2000 साली उजेडात आलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक रेट्रोव्हायरस, म्हणजे स्वतःची जनुकं पेशीच्या डीएनएत मिसळून टाकणारा विषाणू, आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरला आणि तिथेच राहिला. तो हे प्रथिन पेशीत घुसायला वापरायचा, आपण पेशीला पेशी जोडायला. उंदरांची तर आणखी गंमत: त्यांचीही सिन्सिटिनं आहेत, पण वेगळ्याच विषाणूंकडून उसनी घेतलेली. फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्यातल्या एकाचं जनुक काढून टाकलं, तेव्हा गर्भ पोटातच अर्ध्यावर मेले. आपल्या जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, सुमारे 8 टक्के भाग अशा जुन्या रेट्रोव्हायरसांचा. प्रथिनं बनवायच्या पाककृती मात्र जेमतेम दोन टक्क्यांत मावतात. शिकताना हे मी परीक्षेपुरतं वाचून सोडून दिलं होतं.

मामांना मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. "हा थर व्हायरसच्या जिवावर बनतो. तुमच्या आईच्या वारेतही होता."

ते बराच वेळ डोळा लावून बसले. "मग रिपोर्टात काय लिहिणार?"

"विषाणूजन्य बदल आढळले नाहीत."

मामा हसले, आणि उरलेली वार पुन्हा तिन्ही पिशव्यांत बांधायला लागले.