थोल

स्कॉट्स ही स्कॉटलंडच्या सखल भागातली भाषा. इंग्रजीची ती चुलत बहीण. बोली म्हणालात तर तिथली माणसं उखडतात. तिच्यातलं ‘थोल’ हे क्रियापद माझ्या विशेष लाडाचं. अर्थ साधा, सोसणं. मूळ जुन्या इंग्रजीत, आणि त्याच्याही मागे गेलं तर आपल्या ‘तुला’ आणि ‘तोलणे’शी त्याची भाऊबंदकी निघते. भार उचलायचा, मग तो काट्यावर घाला नाहीतर पाठीवर घ्या.

साधारण १७०० पर्यंतच्या स्कॉट्सचा एक बारा खंडी कोश आहे. विल्यम क्रेगी यांनी १९२१च्या सुमारास हाती घेतलेलं काम २००२ मध्ये पुरं झालं. या कोशाचं काम करणाऱ्यांनीही बरंच थोल केलं असणार! आता तो इंटरनेटवर फुकट चाळता येतो आणि चाळायला बसलं की दुपार जाते. ‘थोल’चीच स्पेलिंगं बघा. जुने कारकून मध्येच एक ‘आय’ घुसडायचे. उच्चारात तो यायचा नाही. आधीचा स्वर लांब आहे, एवढंच सांगायला तो असायचा. आपण ऱ्हस्व-दीर्घावरून पोरांचे मार्क कापतो, त्यांनी आख्खं अक्षर खर्ची घातलं.

दुखणं, थंडी, मरण, शिक्षा हे सगळं थोल करायचं, त्यात नवल नाही. नवल आहे ते खटल्याचं. आरोपी ‘असाइज’, म्हणजे ज्यूरीपुढचा खटला, ‘थोल’ करायचा. निकाल काहीही लागो, खटला हीच एक सोसायची गोष्ट! कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही हे पटेल. आणि एकदा सोसला की सोसला, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभं करायचं नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात हा बचाव आजही याच जुन्या क्रियापदाने ओळखला जातो. १९७७ मध्ये एडिंबरामधल्या ‘वर्ल्ड्स एंड’ या पबमधून बाहेर पडलेल्या दोन मुलींचा खून झाला. २००७ मध्ये अँगस सिंक्लेअरवरचा खटला पुराव्याअभावी अर्ध्यावर कोसळला आणि त्याचं ‘थोल’ करून झालं. लोक खवळले. २०११ मध्ये कायदा बदलला, ठरावीक परिस्थितीत, उदाहरणार्थ सबळ नवा पुरावा आला तर, दुसरा खटला चालवायची सोय झाली, आणि २०१४ मध्ये तो दोषी ठरला.

पण मला खरं अडकवलं ते दुसऱ्याच एका अर्थाने. जुन्या स्कॉट्समध्ये ‘थोल’ म्हणजे परवानगी देणं, आड न येणं असाही अर्थ आहे. सोसणारा आणि मुभा देणारा एकच? थोडा विचार केला की गुपित कळतं. शेजाऱ्याची गुरं आपल्या बांधावरून जातात. पहिल्या वर्षी आपण दात-ओठ खातो, पण बोलत नाही. दुसऱ्या वर्षी सवय होते. पुढे कधीतरी अडवायला जावं, तर शेजारी शांतपणे सांगतो, ‘अहो, वहिवाट आहे ही!’ आपण फक्त सोसत होतो, त्याने ती संमती धरली. आपण गप्प बसलो त्याचा अर्थ त्याने लावला आणि क्रियापदाने तो नोंदवून ठेवला. यात क्रियापदाची बाजू कुणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा शेजाऱ्याची.

‘जो थोल करतो तो जिंकतो’ अशा अर्थाची एक म्हणही स्कॉट्समध्ये आहे. ती घरमालकांनी रचली असावी असा मला दाट संशय आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या १७८५च्या कवितेत नांगराखाली घर मोडलेल्या उंदराला हिवाळ्याचा गारठा आणि बर्फाळ रिपरिप थोल करायची आहे. त्याने काय जिंकलं, ते कवी सांगत नाही.

त्यातल्या त्यात खुशाल अर्थ अलीकडच्या स्कॉट्समध्ये सापडतो. एखादी गोष्ट ‘दुरुस्ती थोल करते’, म्हणजे तिच्यात सुधारणेला वाव आहे. प्रगतिपुस्तकावर मास्तर जे लिहायचे, तेच. फक्त इथे सोसायचं आहे ते सुधारणेला, आणि तेवढं अंगावर काढायला माझी काही हरकत नाही.