४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जुळवताना

अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरी मार्चअखेर तळ गाठतात आणि मोसंबीची बाग असलेल्याला पाऊस पडेपर्यंत बाहेरून पाणी आणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या कितीतरी बागा उभ्या वाळल्या. भाड्याच्या टँकरवर विसंबायचे नाही, हे आमच्या घरात तेव्हापासून ठरलेले होते. ट्रॅक्टर घरचाच होता, ४५ एचपीचा. पाणी भरायला पैठणच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली दाजींची विहीर होती. प्रश्न एवढाच होता की या ट्रॅक्टरमागे किती लिटरचा टँकर जोडावा.

वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला. "दादा, पंचेचाळीस एचपीला पाच हजार लिटर म्हणजे काहीच नाही बघा, डोळे झाकून घ्या." गावातही सगळी चर्चा एचपीवरच चालते. काही जण माहितीपुस्तकातला हायड्रॉलिकचा आकडा दाखवतात. आमच्या पुस्तकात तो १६०० किलो आहे. मात्र मागचे दोन हात किती वजन उचलतील एवढेच तो सांगतो आणि ओढण्याशी त्याचा काही संबंध नाही. ओढताना आधी कमी पडते ती इंजिनाची ताकद नव्हे, तर मागच्या चाकांची जमिनीवरची पकड, आणि उतारावर कमी पडतो तो ब्रेक. म्हणून मी सुरुवात वजनापासून केली.

जवळच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरचे नुसते हेड नेले. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेतली आणि नंतर पूर्ण ट्रॅक्टर. डिझेल आणि चालक धरून एकूण वजन २०५० किलो भरले, त्यातले ७६० पुढच्या चाकांवर आणि उरलेले १२९० मागच्या चाकांवर. पाण्याचा हिशेब त्या मानाने सोपा असतो, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. पाच हजार लिटरच्या दोनचाकी टँकरचे रिकामे वजन १३०० किलो सांगितले गेले, म्हणजे भरल्यावर ६३०० किलो, अर्थात ट्रॅक्टरच्या तिपटीहून जास्त.

खरी अडचण वाटेतल्या ओढ्याची होती. ओढ्यातून वर येणारा चढ नजरेला मामुली वाटतो. पण गवंड्याची लेव्हलची नळी लावून मोजला तेव्हा १५ फुटांना एक फूट निघाला. एवढ्या चढावर एकूण वजनाचा पंधरावा हिस्सा मागे खेचत असतो. मोकळ्या कोरड्या मातीच्या वाटेवर चाके नुसती फिरण्यासाठी वजनाच्या सहा टक्के ओढ मी धरली. ट्रॅक्टर आणि भरलेला टँकर मिळून ८३५० किलो होतात, तेव्हा त्या चढावर सुमारे १०६० किलोची ओढ लागणार होती. तेवढ्या ओढीने ताशी पाच किलोमीटर चालायला वीसच्या आसपास एचपी पुरतात. याचा अर्थ इंजिन निम्म्या ताकदीतही मोकळे होते.

पकडीचे चित्र मात्र वेगळे होते. दोनचाकी टँकरचा काही भार हुकावर येतो, आणि हूक मागच्या ॲक्सलच्या मागे असल्यामुळे तो भार पुढची चाके हलकी करून मागच्या चाकांवर आणखी वजन टाकतो. हुकावर ७०० किलो धरले, तर पुढचे साधारण २१५ किलो मागे सरकतात आणि मागच्या चाकांवर २२०० किलो येतात. कोरड्या मातीत त्याच्या ४५ टक्के पकड धरली, तरी ती ९९० किलोच भरते. लागणार १०६०, मिळणार ९९०, म्हणजे ऐन चढावर चाके जागच्या जागी फिरणार, आणि अवकाळीचा एखादा शिडकावा झाला की काळ्या मातीत हा हिशेब आणखी बिघडणार. हुकावरचा भार वाढवत नेणे हा काही उपाय नव्हे. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला नाही, तर स्टिअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही.

शेवटी चार हजार लिटरचा टँकर ठरवला आणि मागच्या टायरमध्ये पाणी भरून घेतले. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून तीन चतुर्थांश टायर पाण्याने भरतात आणि उरलेल्या जागेत हवा मारतात. दोन्ही टायर मिळून ३०० किलो वजन वाढले. आता चढावर ९६० किलोच्या आसपास ओढ लागते आणि पकड १०५० पर्यंत मिळते. हे अंतर फार नाही, पण कोरड्या दिवसांत ते पुरते, आणि पाऊस झाला असेल तर त्या वाटेने जायचेच नाही असा नियम ठेवला आहे.

टँकर बनवून घेताना दोन गोष्टींवर मी अडून बसलो. पहिली म्हणजे आतले आडवे पडदे, म्हणजे पाण्याची पुढे-मागे धाव अडवणारे पत्रे. पडदे नसलेला टँकर अर्धवट भरून चढावर नेला की पाणी मागच्या भिंतीकडे धावते, हुकावरचा भार नाहीसा होतो आणि मागच्या चाकांची पकड हवी असते नेमकी तेव्हाच सुटते. वळणावर हेच पाणी कडेला हिंदकळून टँकर कलंडवू शकते. खाली-वर भोके ठेवलेले तीन पडदे वेल्ड करून घेतले, कारण भोके नसतील तर टँकर पूर्ण रिकामा होत नाही आणि आतून धुताही येत नाही. शिवाय टँकर भरला तर पूर्ण भरायचा आणि बागेत पूर्ण रिकामा करूनच परत आणायचा, हेही ठरले.

दुसरी गोष्ट टँकरच्या स्वतःच्या ब्रेकची. "ट्रॉलीला कोण ब्रेक लावतं?" असे मला विचारले गेले, आणि आसपासच्या ट्रॉल्या पाहिल्या तर तो प्रश्न रास्तच होता. पण भरलेला टँकर पाच टनांहून जड आणि ट्रॅक्टर सव्वादोन-अडीच टनांचा. उतारावर मागचे वजन पुढच्याला ढकलू लागले की ट्रॅक्टर आणि टँकर हुकापाशी दुमडतात. ब्रेकचा खर्च वाढला, तो मी मुकाट्याने दिला. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल खिट्टीने एकत्र जोडायचे आणि उतार न्यूट्रलमध्ये न उतरता खालच्या गिअरमध्येच उतरायचा, हे चालवणाऱ्या पोराला टँकर दारात येण्याआधीच बजावले होते.

आरटीओच्या नोंदणीत विशेष काही घडले नाही. ट्रेलरची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते, त्यामुळे कागदपत्रे देऊ शकणाऱ्या उत्पादकाकडूनच टँकर घेतला होता. बिनकागदी टँकर स्वस्तात मिळत होता, तो नको म्हटले.

टँकर आल्यावर भरून पुन्हा त्याच वजनकाट्यावर नेला. हुकावरचा भार ५८० किलो निघाला, म्हणजे चार हजार लिटरसाठी धरलेल्या अंदाजाच्या जवळच. झाडामागे ४० लिटर धरले तर एका खेपेत शंभर झाडांना पाणी पुरते, त्यामुळे हजार लिटर कमी घेतल्याने खेपा वाढल्या आणि डिझेलही वाढले. बाग संपूर्ण फिरायला आता जास्त वेळ लागतो, म्हणून खोडाभोवती उसाच्या पाचटाचे आच्छादन टाकून दोन पाण्यांमधले अंतर वाढवण्याची खटपट सध्या चालू आहे.