आमची वाटचाल: पत्राकामाचं दुकान ते 24 फुटी गोलपोस्ट

बाबांनी वडोदऱ्याच्या नवापुऱ्यात घराच्या ओट्यालगत पत्राकामाचं दुकान टाकलं, तेव्हा एक हातकात्री, एक ऐरण आणि उधारीचे पत्रे एवढंच भांडवल होतं. कोठ्या, पिंपं, कूलरच्या टाक्या बनायच्या. पुढे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) भाड्याची शेड घेतली आणि इलेक्ट्रिकल पॅनलची खोकी करू लागलो. वडोदऱ्यात ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरवाले पुष्कळ, त्यामुळे काम मिळत गेलं.

बाबा अचानक गेले. मी आणि धाकटा भाऊ, दोघेही पंचविशीच्या आतले. त्याच वर्षी 40 खोकी परत आली, कारण भोकं 3 मिलिमीटर सरकली होती. ड्रॉइंग मीच वाचलं होतं. तो माल भंगारात घालताना भाऊ एक शब्द बोलला नाही, हे मी कधीच विसरणार नाही.

2010 साली पुण्याच्या वेंकीज या कोंबड्यांचा धंदा करणाऱ्या कंपनीने इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब घेतला. मला शाळेपासून फुटबॉलचं वेड, म्हणून क्लबबद्दल मिळेल ते वाचत सुटलो आणि क्लबचे जुने मालक जॅक वॉकर सापडले. त्यांच्या वडिलांनी 1945 मध्ये छोटं पत्राकाम सुरू केलेलं. 1951 मध्ये वडील गेले आणि जॅक व फ्रेड या भावांनी धंदा हातात घेतला. वाचता वाचता मी भावाला हाक मारली.

वॉकर बंधू मोठे झाले ते पोलादाच्या साठ्यावर. माल घेऊन गोदामात ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला लागेल तेव्हा, लागेल तसा द्यायचा. शेवटी ब्रिटिश स्टीलने तो धंदा 30 कोटी पौंडांहून जास्त देऊन घेतला. हे वाचल्यापासून आमच्याकडेही 14, 16 आणि 18 गेजचा, म्हणजे वेगवेगळ्या जाडीचा, पत्रा कायम असतो. व्याज जातं, पण ‘माल नाही’ असं सांगावं लागत नाही.

वॉकरांनी 1991 मध्ये आपल्याच गावचा क्लब हाती घेतला. केनी डॅलग्लिश मॅनेजर म्हणून आले, 1992 मध्ये गोल मारणारा ॲलन शिअरर आला. 14 मे 1995 ला ब्लॅकबर्न लिव्हरपूलमध्ये 2-1 हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडची बरोबरी झाली आणि ब्लॅकबर्नने 89 विरुद्ध 88 गुणांनी इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. त्याआधीचं लीग विजेतेपद 1914 चं! सूतगिरण्यांच्या त्या गावाला किती आनंद झाला असेल! पैसा हाती आल्यावर माणूस गाव सोडतो. वॉकरांनी तो गावात आणला, म्हणून मी त्यांना मानतो.

क्लब घेण्याची आमची ऐपत नाही. पण कारखान्यातली माणसं आणि त्यांची मुलं दर रविवारी पोलो ग्राउंडवर खेळतात. बूट आणि बॉल आमच्याकडून. गोलपोस्ट तर शेडमध्येच बनवले. आडवा दांडा 7.32 मीटरचा आणि पाइप येतो 6 मीटरचा, म्हणजे सांधा आलाच. मधोमध घेतला तर दांडा तिथेच झोल खातो, म्हणून सांधा कडेला घेतला. आत स्लीव्ह, म्हणजे बारीक पाइपचा तुकडा, सरकवली, चहूबाजूंनी वेल्ड मारला, ग्राइंडर फिरवला आणि पांढरी पावडर कोटिंग केली. बोट फिरवून पाहा, सांधा लागणार नाही.

गेल्या रविवारी आमच्या वेल्डरच्या मुलाचा फटका नेमका तिथेच आदळला. मुलं ‘अरेरे’ करत होती आणि त्याचे वडील माझ्याकडे बघत होते. दांडा जागचा हलला नव्हता.