वहीतला १८

गेल्या शनिवारी पेशंट तपासायला शिकणाऱ्या माझ्या वर्गातल्या एका मुलाला बाहेर नेऊन कानात सांगितलं, "रेनकोट घालून सतरंजीवर पड. दोन सेकंदाला एक श्वास घे, अगदी उथळ. मधेच क्षणभर थांब." मग बाकीच्या अकरा जणांना एकेक करून तपासायला पाठवलं. नाडी, बीपी, ऑक्सिजन सगळ्यांचं जवळपास सारखं आलं. श्वासाच्या रकान्यात आठ जणांनी १८ लिहिलं होतं, दोघांनी २० आणि एकीने १६.

कोणीच मोजलं नव्हतं. मिनिटाला १२ ते २० श्वास नॉर्मल असं पुस्तकात वाचलेलं, त्यामुळे हात आपोआप १८ लिहितो. मी रागावले नाही, कारण तो आकडा मीही लिहिलेला आहे.

ॲम्ब्युलन्सवर माझं दुसरंच वर्ष होतं. श्रावणातली रात्र, चिपळूणच्या वरच्या अंगाची एक वाडी. गाडी खाली उभी करून आम्ही पाखाडी चढून गेलो. पडवीत जमिनीवर झोपलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा पोटात दुखतंय म्हणून उठला होता. अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. आजी म्हणाली, "बाय माझे, कायतरी उलटसुलट खाल्लान असंल." बोटाला क्लिप लावली, ऑक्सिजन ९७ आला आणि मी निर्धास्त झाले. कागदावर श्वास १८.

अर्ध्या वाटेत त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. मला वाटलं झोप येतेय. पाणी मागितलंन, ते गिळता येईना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: कांडर. पुस्तकात तिला मण्यार म्हणतात. फुरसं चावलं तर दुखतं, सुजतं, रक्त थांबत नाही, घरच्यांना कळतं तरी. कांडर रात्री अंथरुणात येऊन चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. तिचं विष स्नायू लुळे पाडतं, श्वासाचेसुद्धा. ऑक्सिजनचा आकडा उतरतो तो फार उशिरा. छाती आधी थकते, आणि ते क्लिपला दिसत नाही.

पुढचा सगळा रस्ता मी त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून, मास्कमधून हवा देणारी बॅग दाबत होते. दर सहा सेकंदांनी एकदा. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, जबडा वर ओढून धरलेला. छाती उचलेल एवढंच दाबायचं, जास्त दाबलं की हवा पोटात जाते आणि उलटी होते. सापाची लस हॉस्पिटलात मिळाली, मग कितीतरी दिवस व्हेंटिलेटर. मुलगा वाचला. पण पडवीत मी एक मिनिट मोजलं असतं, तर तिथूनच फोन करून पुढे तयारी करून ठेवता आली असती. हे मला अजून लागतं.

म्हणून शनिवारी उरलेला सगळा वेळ फक्त श्वासावर घालवला. मोजतोय हे पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो. त्यामुळे त्याचा हात त्याच्याच पोटावर ठेवायचा आणि नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरायचं. रेनकोट असो, पदर असो, घोंगडी असो, पोटाबरोबर तुमचा हात वरखाली होतो. पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर मधला थांबा निसटतो. शुद्धीवर असेल तर एका दमात आकडे म्हणायला सांगायचं, दर पाच मिनिटांनी पुन्हा. आधी पस्तीसपर्यंत गेलेला पेशंट पुढच्या वेळी वीसवर अडकला, तर मशीन काहीही दाखवू दे, गाडी थांबवायची नाही आणि बॅग हातात घ्यायची.

शेवटी त्याच रेनकोटवाल्या मुलाला परत आडवं केलं. १६ लिहिणारी मुलगी पुढे आली. गुहागरकडची, वर्गात फारसं बोलत नाही. मनगट धरून घड्याळाकडे बघत बसली. मागे कोणीतरी कुजबुजलं, तिने मान वळवली नाही. मिनिट झालं तरी हात सोडला नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"मॅडम, अठ्ठावीस," ती म्हणाली. "पण हा मधेच थांबतोय. दोनदा थांबला."