तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांच्या खेड्यांची दफ्तरं कशाला वाचायची?

पुण्याला गेलो की कुणीतरी हमखास विचारतं, "आपल्याकडे इतिहासाचा तोटा आहे का? गोऱ्यांच्या खेड्यापाड्यातल्या चर्चची जुनी दफ्तरं कसली वाचत बसता?" इथे इंग्लंडातही हाच प्रश्न होतो, जरा गोड शब्दांत इतकंच.

खरं सांगायचं तर त्या दफ्तरांत गरीब माणसं भेटतात. राजे-सरदार कुठेही भेटतात. पण तीनशे वर्षांपूर्वीची मोलकरीण, भटका विणकर, नवऱ्याने टाकलेली बाई नावानिशी भेटायची, तर पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या वस्तीचे, कागद काढावेत. आणि हे कागद दयेपोटी लिहिलेले नाहीत, पैसे वाचवायला लिहिलेले आहेत.

वह्यांची सुरुवात १५३८ची. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवायचं आणि वही कुलूपबंद पेटीत ठेवायची. लोक म्हणाले, झालं, नवा कर येतोय! (तो आला, पण थेट १७८३ साली. नोंदीमागे ३ पेन्स, कंगालांना माफ. लगेच कंगालांची संख्या वाढल्यासारखी दिसते.)

खरी गंमत मात्र जन्म-मृत्यूच्या वह्यांत नाही. १६०१च्या कायद्याने गरिबांना पोसायची जबाबदारी पॅरिशवर पडली. पैसा तिथल्याच घर-जमीनवाल्यांवर पट्टी बसवून उभा करायचा. खिशाला चाट बसली की माणूस चौकस होतो. हा भुकेला आपला की शेजारच्या गावाचा? १६६२ साली त्यावरही कायदा झाला. कुणी बाहेरून येऊन वर्षाला १० पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या जागेत राहिला, तर ४० दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ पॅरिशला परत धाडता येई. पण मूळ पॅरिश कोणतं? ते ठरवायला मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर जबानी व्हायची. जन्म कुठला, बाप कुठला, चाकरी कुणाकडे केली, किती काळ, पगार काय. ज्याला सही करता येत नाही, त्याची खाली फुली. या जबान्या म्हणजे छोटी आत्मचरित्रंच, फक्त सांगणाऱ्याला सांगायची हौस नव्हती.

पुढे असा नियम झाला, की अविवाहित माणसाने एका मालकाकडे सलग वर्षभर चाकरी केली की तो तिथला ठरतो. लगेच कित्येक शेतकरी गडी ५१ आठवड्यांच्या बोलीवर ठेवू लागले. पळवाटा काढण्यात आपलाच हात धरणारं कुणी नाही, असं मला पूर्वी वाटायचं.

सगळ्यात वाईट हाल कुमारी मातांचे. अनौरस मूल जिथे जन्मेल तिथलं, असा दंडक होता. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला ओव्हरसियर, म्हणजे गरिबांचा हिशेब ठेवणारा गावकरी, वेशीपलीकडे पोचवायची घाई करायचा. ते जमलं नाही, तर सुईण ऐन कळांत तिला बापाचं नाव विचारायची, कारण पोसायचा खर्च त्याच्याकडून वसूल करायचा असे. १६९७ साली मदत घेणाऱ्यांच्या उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचं 'पी' ('पॉपर', म्हणजे कंगाल) अक्षर शिवायची सक्ती झाली, शेजारी पॅरिशचं आद्याक्षर. कागदावर ही सक्ती १८१०पर्यंत टिकली.

श्रीमंतांचा चिकूपणाही दफ्तरात सापडतो, पण जरा हसू आणणारा. लोकरीचा धंदा चालावा म्हणून १६६६ आणि १६७८च्या कायद्यांनी प्रेत लोकरीच्याच कापडात पुरायची सक्ती केली. पुरल्यावर आठ दिवसांत तसं शपथपत्र द्यायचं, नाही तर ५ पौंड दंड. निम्मा दंड पॅरिशच्या गरिबांना, निम्मा खबर देणाऱ्याला. ज्यांना तागाचं तलम कफनच हवं, ते घरातल्याच कुणाला तरी चुगली करायला लावत. अडीच पौंड घरच्या घरी परत!

दफ्तरं जरा बाजूला ठेवून बाजारपेठेच्या गावांबद्दल थोडक्यात सांगतो. तेराव्या शतकातल्या कायदेग्रंथात हिशेब आहे, की दोन बाजारांत पावणेसात मैलांच्या आसपास अंतर हवं. दिवसाची चाल २० मैल, तिचे तीन भाग: एक जायला, एक खरेदी-विक्रीला, एक उजेडात परतायला. इंग्लंडातल्या कॉट्सवोल्ड्स टेकड्यांमधल्या चिपिंग कॅम्पडेन गावाला गेलात, तर १६२७ साली बॅप्टिस्ट हिक्स या धनाढ्य व्यापाऱ्याने बांधलेला कमानीदार मार्केट हॉल बघा. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांना आडोसा हवा म्हणून बांधलेला. त्याची ओबडधोबड फरशी मला भोवतालच्या देखण्या घरांपेक्षा जास्त आवडते.

"आपलं कुणी सापडतं का?" हाही प्रश्न येतो. सापडतं. लंडनच्या सेंट डायोनिस बॅकचर्चमध्ये २२ डिसेंबर १६१६ला बंगालच्या उपसागराकडून आलेल्या एका मुलाचा बाप्तिस्मा झाला. पीटर हे नाव खुद्द जेम्स राजाने निवडलं होतं. त्याच्या शिक्षणाचा खर्च ईस्ट इंडिया कंपनीने उचलला, म्हणजे इथेही माग खर्चाचाच.

या वह्या आता बऱ्याच ठिकाणी घरबसल्या बघता येतात. वाचायला बसलात तर एक लक्षात ठेवा. १७५२च्या आधी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. तेव्हा एखाद्या जोडप्याचं लग्न एप्रिल १७२०चं आणि पहिल्या बाळाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२०चा दिसला, तर भुवया उंचावू नका. मध्ये दहा महिने गेलेले असतात.